शोक आणि स्मरण

भिक्षेस अथवा समाचारास वासनिकाच्या घरी गेलेल्या साधूपुढे एक प्रश्न वारंवार येतो. घरातला तरुण मुलगा गेलेला असतो. ओसरीवर माणसे येऊन बसतात, उठून जातात. मुलाची आई दंडवत घालते आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारते, "बाबा, नामाला बसते, पण डोळे मिटले की पोराचंच तोंड दिसतं. देवाचं नाव ओठावर आणि मनात पोर. मला दोष लागत असंल का?"

या प्रश्नात दोन दुःखे एकत्र आलेली आहेत. एक पुत्रवियोगाचे. दुसरे, आपण परमेश्वरालाही अंतरलो की काय, या भयाचे. पहिले दुःख देहधाऱ्याला टाळता येत नाही. दुसरे अज्ञानातून उत्पन्न होते आणि समाचाराला येणाऱ्यांच्या अविचारी बोलण्याने वाढते. शास्त्रविचाराने दूर करता येण्यासारखे आहे ते हे दुसरे दुःख. यास्तव शोकाचे स्वरूप काय, त्याविषयी शास्त्राची दृष्टी कोणती आणि शोकग्रस्त साधकाने कसे वर्तावे, याचा क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

शोक करणे हा दोष आहे काय?

शंका : जीव नित्य आहे, तो मरत नाही, असे शास्त्र सांगते. मग उपदेश घेतलेल्या माणसाने अश्रू ढाळणे म्हणजे त्याला ज्ञान झालेच नाही, असे होत नाही काय?

समाधान : ही शंका घेणाऱ्याने श्रीमद्भगवद्गीतेची रचना नीट पाहावी. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या उपदेशाला दुसऱ्या अध्यायाच्या ११व्या श्लोकात आरंभ होतो, तो शोकाच्याच विषयाने. अठराव्या अध्यायाच्या ६६व्या श्लोकात परमगुह्य सांगून झाल्यावर जे अखेरचे आश्वासन दिले आहे, तेही शोक न करण्याचेच. संपूर्ण उपदेश असा शोकाच्या दोन उल्लेखांच्या मध्ये बसलेला आहे. शोक करणारा मनुष्य उपदेशाला अपात्र असता तर गीता सांगितलीच गेली नसती. ज्याला शोक झाला त्यालाच ती सांगितली गेली.

तथापि एवढ्याने शंका पुरती फिटत नाही. उपदेशापूर्वी शोक झाला हे ठीक. उपदेश ऐकल्यानंतर तरी तो होऊ नये, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. ज्या दिवशी युद्धाला तोंड लागले त्या दिवशी अर्जुनाने गीता ऐकली. त्याच युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. सायंकाळी अर्जुन शिबिराकडे परतला तेव्हा मंगलवाद्ये वाजत नव्हती आणि नित्य हसतमुखाने सामोरा येणारा मुलगा आला नाही. तेवढ्यावरूनच त्याच्या मनात शंका आली आणि खरे काय ते कळल्यावर त्याने आकांत केला. साक्षात् परमेश्वर अवताराच्या मुखातून आत्म्याचे नित्यत्व ऐकलेला हा श्रोता. तोही रडला.

त्या वेळी श्रीकृष्णांनी काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. 'इतके सांगूनही तुला कळले नाही' असा ठपका त्यांनी ठेवला नाही. त्यांनी त्याला सावरले, हा शूरांचा मार्ग आहे असे सांगितले आणि तुला असा पाहून तुझे भाऊ व सुहृद खचले आहेत, त्यांना तू धीर दे, असे सुचविले. नंतर ते स्वतः सुभद्रेचे सांत्वन करण्यास गेले. ज्यांनी गीता सांगितली त्यांनी शोकग्रस्ताशी कसे वागावे, याचाही पाठ या प्रसंगी घालून दिला आहे. म्हणून शोक होणे हा अपराध नव्हे. तो जीवाच्या अनादि ममत्वाचा परिणाम होय. अपराध नसला तरी तो बंधक मात्र होऊ शकतो. शोकाला दिशा मिळाली नाही, तर तो जीवाला ममत्वातच अधिक गुंतवितो. पुढील विचार या दिशेचा आहे.

शोकाचे स्वरूप

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत, हा पंथाचा सिद्धांत. देह प्रपंचाचा आहे, तो पडतो. जीव पडत नाही. माता आणि पुत्र हे नाते या देहाचे, या जन्माचे. परंतु ते एका जन्माचे आहे म्हणून खोटे आहे, असे शोकग्रस्त मातेपुढे म्हणणे शहाणपणाचे नाही. ज्या हातांनी न्हाऊमाखू घातले ते हात इतक्या सहज विसरत नाहीत.

आता त्या मातेचे मन काय करीत असते, ते पाहावे. ती मुलाचे नाव पुन्हा पुन्हा घेते. कधी मोठ्याने, कधी मनात. त्याने केलेल्या गोष्टी सांगते: शाळेतून पळून आला तो दिवस, पहिल्या कमाईतून आणलेले लुगडे, शेवटच्या दुखण्यातले बोलणे. त्याचे रूप तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्याची चालण्याची लकब, दारातून हाक मारण्याची रीत तिला दिवसातून दहा वेळा भासते. एकूण चार प्रकार झाले. नाव, केलेल्या गोष्टी, रूप आणि हालचाल.

नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण, हे परमेश्वराच्या असन्निधानात साधकाने करावयाचे मुख्य साधन. शोकग्रस्त मातेचे मन कोणी न शिकविता नेमके हेच चारही प्रकार करीत आहे. फरक विषयाचा आहे. तिच्या स्मरणाचा विषय जीव आहे. शास्त्राने सांगितलेल्या स्मरणाचा विषय परमेश्वर आहे. पुष्कळ साधक तक्रार करतात की स्मरणात मन लागत नाही, ते कसे करावे हेच उमगत नाही. शोकाने त्या मातेला एवढे तरी दाखवून दिले की स्मरणाची शक्ती तिच्या ठायी पुरेपूर आहे. ती नवी मिळवायची नाही. वळवायची आहे.

वळविणे म्हणजे मुलाची आठवण दाबून टाकणे नव्हे. दाबलेली आठवण दुप्पट जोराने वर येते, हा सर्वांचा अनुभव आहे. आठवण आली की ती येऊ द्यावी. मात्र तिच्या पाठोपाठ स्वामींची एक लीळा मनात आणावी. मुलाचे नाव ओठावर आले की त्याच्या मागून परमेश्वराचे नाम घ्यावे. आरंभी मुलाची आठवण लांब आणि लीळा आखूड राहील. त्याने खिन्न होऊ नये. नित्यनेमाने असे करीत गेल्यास लीळेचा वाटा वाढत जातो, आणि आठवणीतील दाह कमी होऊन तिच्यात केवळ माया उरते.

आचार्यांचा वियोग

शास्त्रात सांगितलेले साधन आचरणात कसे आले, ते पंथाच्या इतिहासात पाहावयास मिळते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांनी घरदार, गाव, आप्त सोडून स्वामींचे सन्निधान धरले होते, त्या भक्तांना मागे परतण्यास ठिकाण उरले नाही. श्रीनागदेवाचार्य म्हणजे भटोबास विरहाने व्याकुळ झाले. हे दुःख पुत्रशोकाहून थोर. कारण येथे विषय परमेश्वर होता. तरीही त्यात आणि सर्वसामान्यांच्या शोकात एक साम्य होते. हातांना काम उरले नव्हते आणि दिवस जात नव्हता.

भटोबास रिद्धपुरास गेले आणि श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. रिद्धपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील क्षेत्र. श्रीप्रभूंचे मातापिता त्यांच्या बालपणीच गेले होते. आप्तांनी त्यांचा सांभाळ केला. तेच श्रीप्रभू पुढे रिद्धपूरच्या दीनदुबळ्यांचे आईबाप झाले. लोक त्यांना तसे म्हणतही. वियोगाने पोळलेल्या भक्तमंडळींना तेथे सेवा मिळाली. दुःख नाहीसे झाले नाही, पण त्याला रोजचे काम मिळाले.

पुढे श्रीप्रभूंचाही वियोग घडला. आता प्रत्यक्ष सेवा करण्यास कोणतेच सन्निधान उरले नाही. अशा काळी रिद्धपूरजवळ वाजेश्वरीच्या परिसरात भटोबास लीळांचे स्मरण करीत राहिले, आणि पंडित म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना विचारून लीळा गोळा केल्या. भटोबासांच्या देखरेखीखाली त्यांची शहानिशा झाली आणि लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून ज्याचा सर्वत्र गौरव होतो, तो ग्रंथ वियोग सोसणाऱ्या मंडळींच्या आठवणींतून उभा राहिला आहे. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरपली. तेव्हाही ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातूनच पाठ पुन्हा सिद्ध झाले.

श्रीमद्भागवतातही हाच क्रम दिसतो. पहिल्या स्कंधाच्या पंधराव्या अध्यायात श्रीकृष्णांच्या निजधामगमनानंतर अर्जुन द्वारकेहून परत येतो. कंठ दाटून आल्याने त्याला बोलवत नाही. मग तो धर्मराजाला श्रीकृष्णांच्या एकेका लीळेची आठवण सांगू लागतो: कोणत्या संकटात त्यांनी कसे राखले, थट्टेत काय म्हणत, एकत्र बसणे-जेवणे कसे होते. असे सांगता सांगता रणभूमीवर ऐकलेले आणि काळाने झाकून गेलेले ज्ञान त्याला पुन्हा स्मरले व त्याचा शोक निमाला. गीता ऐकूनही जे विसरले गेले होते, ते लीळास्मरणाने परत आले. ज्ञानाचा विसर पडला म्हणून साधकाने हताश होऊ नये, हे या कथेचे तात्पर्य.

'देवाने नेले' म्हणावे काय?

समाचाराला येणारी माणसे सहज बोलून जातात, "देवाला आवडला, देवाने नेला." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पंथाच्या सिद्धांताप्रमाणे हे बोलणे सदोष आहे, आणि ऐकणाऱ्या मातेच्या मनात ते परमेश्वराविषयी दुरावा उत्पन्न करते. जीवाला त्याच्या कर्माची फळे भोगविण्याचे कार्य देवतांकडे आहे. परमेश्वर कृपाळू व मायाळू असून जीवांच्या उद्धारासाठी अवतार स्वीकारतो. आईच्या मांडीवरून मूल ओढून नेणे हे त्याचे कार्य नव्हे. ज्याच्याकडे आधारासाठी जायचे, तोच हिरावून नेणारा आहे असे ठसविले, तर ती माता कोणाकडे जाईल?

दुसरे बोलणे याहून कठोर. "पूर्वजन्मीचे काहीतरी असेल." कर्मविचार शास्त्रसिद्ध आहे, परंतु तो ज्याने त्याने आपल्यापुरता, आपले आचरण सुधारण्यासाठी करावयाचा आहे. कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोठे फळले, हे पाहण्याची दृष्टी समाचाराला आलेल्या शेजाऱ्याजवळ नाही. दुसऱ्याच्या दारात उभे राहून कर्माचा हिशेब मांडणे ही वाचेने केलेली हिंसा होय.

मग धीर कोणता द्यावा? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने विचारले आहे की, ज्याचा प्रयत्न अपुरा राहिला आणि देह पडला, तो फुटलेल्या ढगासारखा दोन्हींकडून नाहीसा होतो काय? ४०व्या श्लोकापासून श्रीकृष्णांनी उत्तर दिले आहे. कल्याणाच्या वाटेवर असलेला कोणीही दुर्गतीला जात नाही; त्याला पुन्हा योग्य ठिकाणी जन्म लाभतो आणि पूर्वीची साधना तेथून पुढे चालू होते. हे सांगताना त्यांनी अर्जुनाला वडिलांनी लेकराला हाक मारावी तसे संबोधिले आहे. लहान वयात गेलेल्या उपदेशी मुलाच्या आईने हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा. मुलगा तिच्या दृष्टीआड झाला आहे. परमेश्वराच्या दृष्टीआड झालेला नाही.

पिंड, सूतक आणि लोकभय

दहाव्या दिवशी दुसरी अडचण उभी राहते. आप्तेष्ट म्हणतात, "पिंड दिला नाही तर तो भटकत राहील." आईचे काळीज त्या शब्दाने फाटते. अशा वेळी सिद्धांत शांतपणे सांगावा. जीवाची गती त्याच्या स्वतःच्या कर्मावर, ज्ञानावर व भक्तीवर अवलंबून असते. कावळा शिवला किंवा न शिवला, याने ती बदलत नाही. अनन्यभक्ती स्वीकारलेल्याने देवताविधींकडे वळू नये. त्या दिवसांत गीतापाठ, नामस्मरण, साधूंना भोजन, शक्य असेल त्याने स्थानवंदन करावे. हेही मृताची गती विकत घेण्यासाठी नव्हे. ज्याचा वियोग झाला त्याच्या निमित्ताने आपला धर्म आचरावा म्हणून. घरात वेगळ्या मताची माणसे असली तर मृतदेहासमोर वाद घालू नये. आपण आपला आचार सौम्यपणे पाळावा.

सूतकात देवाचे नाव घेऊ नये, ही समजूतही पुष्कळांना अडविते. विटाळाविषयी स्वामींनी केलेले निरूपण सर्वश्रुत आहे: देहाच्या धर्माने धर्माचरणास बाध येत नाही. त्याच न्यायाने मृत्यू घडलेल्या घरात नामस्मरण थांबण्याचे कारण नाही. ज्या दिवशी नामाची गरज सर्वांत अधिक, त्याच दिवशी ते बंद ठेवणे म्हणजे तहानेच्या वेळी विहिरीला झाकण घालणे होय.

विधवेविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगलकार्यात तिला मागे ठेवणे, या रूढींना पंथाच्या तत्त्वज्ञानात आधार नाही. महदाइसेला लहान वयात वैधव्य आले होते. तिनेच श्रीप्रभूंच्या सन्निधानात रुक्मिणीविवाहाचे धवळे रचून गायिले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली या रूढी बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचा सर्वत्र बोलबाला झाला. ज्या पंथात सातशे वर्षांपूर्वी विधवेच्या मुखातून विवाहगीत निघाले, त्या पंथाच्या घरांनी तरी अशा ठरावाची वाट पाहू नये.

अनुसरलेल्यांचा शोक

शंका : ज्याने संन्यास घेतला, संबंधियांचा संबंध त्यागिला, त्याला आई गेल्याचा निरोप आला आणि डोळ्यांत पाणी आले. त्याचा त्याग भंगला काय?

समाधान : अश्रू हे देहाला जडलेल्या जुन्या सवयीचे असतात. संबंध जडतो तो मन तेथे घर करून राहिले म्हणजे. म्हणून अश्रूंची लाज धरून दुःख लपवू नये, गुरूंना सांगावे. ज्येष्ठांनी त्याला टोमणा न मारता जवळ बसवून घ्यावे आणि लीळा वाचून दाखवावी. विजन हे स्मरणासाठी सांगितले आहे. आठवणी उगाळण्यासाठी नव्हे. मन स्थिर होईपर्यंत अशा साधकाने सत्संगात राहणे हिताचे.

याच्या उलट प्रकारही घडतो. पत्नी वा मुलगा गेल्यावर एखादा गृहस्थ सुतकाच्या दिवसांतच येऊन म्हणतो, "बाबा, आता संसारात काही राहिले नाही, मला संन्यास द्या." त्याला प्रेमाने थांबवावे. स्मशानवैराग्य आणि बोधाने उपजलेले वैराग्य यांत अंतर आहे. पहिले दुःख ओसरले की ओसरते. घरी लहान लेकरे असतील तर त्यांचे काय, हेही विचारावे. शास्त्रश्रवण चालू ठेवावे. वैराग्य खरे असेल तर ते वर्षभराने अधिक दृढ झालेले आढळेल.

समाचारास जाणाऱ्याने आणि घरच्यांनी काय करावे

समाचारास जाणाऱ्याने थोडे बोलावे, अधिक ऐकावे. गेलेल्याचे नाव टाळू नये. ते ऐकण्यास घरचे आतुर असतात. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, महिन्यानंतर कोणी फिरकत नाही. म्हणून पंथबंधूंनी महिन्याने, सणाच्या दिवशी, वर्षाच्या दिवशी आठवणीने जावे. जाताना भाकरी-कालवण न्यावे आणि समोर बसून चार घास खाऊ घालावेत. देह हा साधनेचे साधन आहे. शोकाने त्याला उपाशी मारणे हा धर्म नाही.

घरच्यांनी दिवसाची एक वेळ स्मरणासाठी निश्चित ठेवावी आणि एखादी सेवा हाती घ्यावी. स्थानाची झाडलोट, साधूंना भिक्षा, शेजारच्या पोरक्या मुलाची फी. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही असन्निधानातील चार आधारस्थाने सांगितली आहेत. त्यांतील एकाशी तरी रोजचा संबंध राहिला तर शोकग्रस्त मनुष्य एकाकी पडत नाही.

महिनोन्‌महिने झोप व अन्न सुटले असेल, कामात मुळीच लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आपणही जावे असे कोणी बोलू लागले तर त्याला क्षणभरही एकटे न ठेवता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. औषध घेणे ही श्रद्धेची उणीव नव्हे. अहिंसा हा आचारधर्माचा पाया आहे, आणि त्या अहिंसेत स्वतःचा देहही येतो.

उपसंहार

आता आरंभीच्या मातेचा प्रश्न पुन्हा पाहावा. डोळे मिटल्यावर मुलाचे तोंड दिसते, म्हणून दोष लागतो काय? लागत नाही. तिने नामाला बसणे सोडू नये. मुलाचे तोंड दिसले तर त्याच्यासह परमेश्वरापुढे बसावे आणि म्हणावे, "स्वामी, हा जीव तुमचा आहे आणि मीही तुमचीच आहे." मग आठवेल ती एक लीळा मनात आणावी. उद्या पुन्हा तसेच करावे. स्वामींच्या वियोगात भटोबासांना याहून वेगळा मार्ग सापडला नव्हता. त्यांनी सेवा केली आणि स्मरण केले. ज्या परंपरेचा ग्रंथ वियोगाच्या दिवसांत सिद्ध झाला, त्या परंपरेत रडणाऱ्या मातेला जागा नाही असे कसे होईल?

शोकग्रस्त सर्व वासनिक बंधुभगिनींना परमेश्वर स्मरणाचे बळ देवो. दंडवत प्रणाम.